हाक आणि ओ

व्याकरणाच्या पुस्तकात संबोधन ही विभक्ती अगदी शेवटी, आणि तीही काहीशा अनिच्छेने दिलेली असते. इतर विभक्तींच्या योगाने नाम वाक्याशी बांधले जाते. संबोधन मात्र वाक्याच्या उंबरठ्याबाहेर उभे राहते. "मुलांनो, दिवा लावा" ह्या वाक्यात दिवा मुलांनीच लावावयाचा असला, तरी "मुलांनो" हा शब्द त्या वाक्याच्या घडणीत कोठेच बसत नाही. त्याचे काम इतकेच की, पुढे जे सांगावयाचे आहे ते ज्याला सांगावयाचे त्याचे तोंड आपल्याकडे वळवावे. कित्येकदा तर पुढे सांगावयाचे असे काही नसतेच. स्वयंपाकघरात काम करीत असलेल्या आईला ओसरीवरून लहान मूल "आई!" म्हणून हाक मारते, आई "काय रे?" म्हणते, आणि मूल म्हणते, "काही नाही." ज्यांच्या घरात मूल आहे त्यांना हा संवाद दिवसातून दहा वेळा ऐकावयास मिळतो. ह्या "काही नाही"मध्ये जे पुष्कळ काही भरलेले आहे, त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. नको असलेले दृश्य टाळण्यास मान फिरविली की पुरते. नको असलेली हाक मात्र आपली परवानगी न घेता आत शिरते. ह्या दृष्टीने पाहता हाक मारणे ही एक सौम्य बळजबरीच होय. कॉलिन चेरी ह्या शास्त्रज्ञाने १९५३ साली काही लोकांच्या दोन कानांत दोन निरनिराळी भाषणे ऐकवून, त्यांपैकी एकच भाषण मोठ्याने म्हणत जाण्यास त्यांना सांगितले. दुसऱ्या कानात काय चालले होते, याचा त्यांना जवळजवळ पत्ताच नव्हता; तेथील भाषा मध्येच बदलली तरी ते पुष्कळांच्या ध्यानात आले नाही. पुढे १९५९ साली नेव्हिल मोरे याने त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचे स्वतःचे नाव घालून पाहिले, आणि सुमारे एक तृतीयांश लोकांनी ते टिपले. जे दार सर्वांना बंद असते ते आपल्या नावाला थोडेसे किलकिले ठेवलेले असते, असा याचा अर्थ. हे दार फार लवकर बसविले जाते. साडेचार महिन्यांचे मूल इतर नावांपेक्षा स्वतःचे नाव अधिक लक्ष देऊन ऐकते, असे १९९५ साली दाखविण्यात आले. नावाचा अर्थ त्याला कळावयास अजून पुष्कळ अवधी असतो, परंतु हा आवाज आपल्यावर हक्क सांगत आहे हे त्याला कळून चुकलेले असते.

आपल्या भाषेने ह्या हक्काच्या किती तरी छटा शब्दांत धरून ठेविल्या आहेत. हाक जवळच्या माणसाला, हाळी लांबच्याला, साद घातली म्हणजे प्रतिसादाची अपेक्षा धरली, आरोळीत थोडा पराक्रम आहे, टाहोत आणि हंबरड्यात कोणास उद्देशून हा प्रश्नच उरत नाही, आणि देवाला मारलेल्या हाकेला तर धावा असे स्वतंत्र नाव आहे. (सर्वांत प्रसिद्ध धाव्यांपैकी एक हत्तीचा आहे, माणसाचा नव्हे, ही गोष्ट गजेंद्रमोक्षाची कथा सांगणाऱ्यांना कधी विचित्र वाटलेली दिसत नाही.) शिवाय अंतर मोजण्याचे आपले एक माप "हाकेच्या अंतरावर" असे आहे. हे माप फुटांत सांगता येत नाही. ते बोलणाऱ्याच्या गळ्यावर अवलंबून आहे, मधल्या झाडीवर व वाऱ्यावर अवलंबून आहे, आणि सर्वांत अधिक म्हणजे पलीकडच्या माणसाला ऐकावयाचे आहे की नाही यावर अवलंबून आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या खानदेशी गावी हे माप अजून वापरात आहे. पुरुषभर उंच उसात किंवा दाट कापसात गेलेला माणूस बांधावरून दिसत नाही. हात हालवून उपयोग नसतो. तेथे गळा हेच साधन. "ओ भो!" अशी एक लांबट हाळी उठते, आणि पिकाच्या पोटातून तितकाच लांबट "ओ" परत येतो. ह्या "भो"मध्ये "भाऊ" दडलेला आहे, आणि अनोळखी माणसालाही तो लागू पडतो. उत्तरेस सातपुड्यात चढले म्हणजे भिल्लांचे व पावरांचे पाडे लागतात. तेथे घराला घर लागून नसते. एका टेकाडावर एक झोपडे, दुसऱ्या टेकाडावर दुसरे, मध्ये नाला. शेजारधर्म पाळावयाचा तर तो गळ्यानेच पाळावा लागतो.

लांबच्या माणसास हाक मारताना शेवटचा स्वर आपोआप लांबतो. ही गोष्ट इतकी साधी आहे की ती शास्त्रात नोंदविण्याजोगी कोणास वाटली नसती. परंतु पाणिनीला वाटली. अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायातील दुसऱ्या पादाचे चौऱ्याऐंशीवे सूत्र एवढेच सांगते की, दुरून हाक मारताना शेवटचा स्वर प्लुत होतो, म्हणजे तीन मात्रांचा होतो. आणि ह्या मात्रा कशा मोजाव्या? पाणिनीय शिक्षेने त्यासाठी घड्याळ दिले नाही, पक्षी दिले: चाष एक मात्रा ओरडतो, कावळा दोन, मोर तीन. माणसाची हाक मोजावयास मोराचा गळा वापरणाऱ्या त्या प्राचीन लोकांना माणूस आणि पशुपक्षी यांच्या आवाजांत अनुल्लंघनीय दरी आहे असे वाटत नसावे. ही दरी नंतरच्या विद्वानांनी खोदली. भाषा ही माणसाची. प्राण्यांचे ओरडणे म्हणजे केवळ भूक, भीती किंवा काम यांचे उद्रेक, शिंक यावी तसे. असा सिद्धांत बराच काळ प्रमाण मानला गेला. गेल्या पन्नासएक वर्षांत जंगलात बसून कान देणाऱ्या लोकांनी ही दरी पुष्कळ ठिकाणी बुजविली आहे.

आपल्या शेजारच्या प्राण्यांपासूनच आरंभ करावा. तापी नदी ही माकडांच्या बाबतीत एक गमतीची सीमा आहे. टोपी माकडाच्या वस्तीची उत्तर मर्यादा पश्चिमेकडे तापी व पूर्वेकडे गोदावरी, आणि त्यांच्या पलीकडे लाल तोंडाचे रीसस माकड, असे प्राणिशास्त्राच्या ग्रंथांतून सांगण्याचा प्रघात होता. अलीकडे रीसस दक्षिणेकडे सरकत आहे असे आढळून आले आहे. काळ्या तोंडाच्या वानरांना मात्र ही सीमा ठाऊक नाही. त्यांच्यातील थोराड नराला आपण हुप्प्या म्हणतो, म्हणजे त्याला त्याच्या आवाजावरूनच नाव दिलेले आहे. पहाटे तो जो घुमारा काढतो तो दूरवरच्या दुसऱ्या टोळीला, "येथे मी आहे" असे कळविण्यासाठी. बिबट्या दिसल्यावर जो कर्कश खोकल्यासारखा आवाज तो करतो तो निराळाच. त्या आवाजाने खाली चरणारी चितळेही माना वर करतात.

परंतु हे आवाज हाक ह्या पदवीला पोहोचतात काय? हाक म्हटली म्हणजे ती कोणाला तरी मारलेली असली पाहिजे; ऐकणारा आहे, त्याचे लक्ष नाही, आणि ते वळवावयाचे आहे, एवढे तरी हाक मारणाऱ्याला कळत असले पाहिजे. ह्याची परीक्षा कर्नाटकातील बंदीपूरच्या अरण्यात टोपी माकडांवर करण्यात आली. तिचा वृत्तांत देशपांडे, गुप्ता व सिन्हा यांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. तेथील माकडे रस्त्यावरील माणसांकडे खाऊ मागतात. माणसाच्या समोर येऊन बसणे, त्याच्याकडे पाहत राहणे, हात पुढे करणे ह्या गोष्टी बुद्धिपुरस्सर मागण्याच्या कसोटीस उतरल्या. त्यांच्या तोंडचा कोमल "कू" मात्र त्या कसोटीस उतरला नाही. हात मागतो आहे असे म्हणता येते. गळा मागतो आहे, की नुसताच वाजतो आहे, हे ठरविता येत नाही. मला हा निर्णय मोठा प्रामाणिक वाटतो. जेथे तेथे माणूसच पाहण्याची हौस असणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

अमेरिकेतील अॅटलांटा येथे पाळलेल्या चिंपांझींची गोष्ट याहून पुढची आहे. त्यांच्यापैकी काही जण ओठ फुरफुरवून एक आवाज काढतात, तर काही घशातून लांब घुमारा काढतात. हॉपकिन्स व त्याचे सहकारी यांनी २००७ साली असे दाखविले की, नुसते खाद्य समोर ठेवले तर हे आवाज क्वचितच निघतात. नुसता माणूस उभा असला तरी क्वचितच. पण खाद्य आहे आणि ते देऊ शकणारा माणूसही आहे, अशा वेळी ते निघतात. शिंकेची उपमा येथे साफ कोसळते. शिंक आजूबाजूला कोण आहे हे पाहून येत नाही. पुढे २०१२ साली आणखी एक गोष्ट उजेडात आली. आईजवळ वाढलेल्या चिंपांझींत हे आवाज काढणारे पुष्कळ, माणसांनी वाढविलेल्यांत थोडे. म्हणजे लक्ष वेधून घेण्याची ही कला आईकडून उचललेली दिसते. आपल्याकडील "काही नाही" म्हणणारे मूलही ती तेथेच शिकते.

आता खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याचे लक्ष आपल्याकडे वळविण्याची शक्ती हाती आली की, ती दोन प्रकारे वापरता येते. युगांडातील बुडोंगोच्या जंगलात क्रॉकफर्ड हिने व तिच्या सहकाऱ्यांनी चिंपांझींच्या वाटेवर सापाची प्रतिकृती ठेवून पाहिली. ज्या सोबत्यांना साप ठाऊक नाही ते जवळ असतील तर चिंपांझी इशाऱ्याचा आवाज अधिक वेळा करीत. ज्यांनी तो आधीच पाहिला आहे त्यांच्यासाठी तितका करीत नसत. हा शोध २०१२ सालचा. दुसऱ्याचे अज्ञान ओळखून ते दूर करण्यासाठी गळ्याचा उपयोग करणे, यात आपण ज्याला परोपकार म्हणतो त्याचे बीज नाही असे कोण म्हणेल? परंतु त्याच्या तीनच वर्षे आधी व्हीलर याने अर्जेंटिनातील इग्वाझूच्या अरण्यात कॅपुचिन माकडांविषयी निराळीच हकीकत नोंदविली होती. केळी ठेवलेल्या फळ्यांवर बलिष्ठ माकडांनी ठाण मांडले की दुबळी माकडे श्वापद आल्याचा इशारा देत. बलिष्ठ पळत, आणि दुबळ्यांना केळे मिळे. लांडगा आला रे आला म्हणणारा आपला मेंढपाळ पोर एकटा नाही. त्याचे कूळ फार जुने आहे. तथापि त्या पोराने गंमत म्हणून हाक मारली होती. उपाशी कॅपुचिनाला त्याच तराजूत घालून तोलणे मला जड जाते.

खोट्या हाकेने काय होते, हेही माकडांकडूनच शिकण्यासारखे आहे. केनियातील अंबोसेलीच्या माळावर व्हर्वेट जातीची माकडे बिबट्या, गरुड व साप यांसाठी तीन निराळे इशारे देतात, हे १९८० साली सेफार्थ, चेनी व मार्लर यांनी ध्वनिमुद्रिते वाजवून सिद्ध केले. बिबट्याचा इशारा ऐकून माकडे झाडावर चढत, गरुडाचा ऐकून आकाशाकडे पाहत, सापाचा ऐकून गवतात पाहत. ही गोष्ट आता शाळेच्या पुस्तकांतही येते. त्याच चेनी व सेफार्थ यांचा १९८८ सालचा प्रयोग तितका प्रसिद्ध नाही, पण माझ्या मते तो अधिक मोलाचा आहे. दुसरी टोळी आल्याचे कळविणारा एका माकडाचा आवाज, दुसरी टोळी आलेली नसताना, त्यांनी झुडपाआडून पुनःपुन्हा वाजविला. हळूहळू कोणी लक्ष देईनासे झाले. मग त्याच माकडाचा, त्याच अर्थाचा, पण निराळा आवाज वाजविला. त्याकडेही कोणी लक्ष दिले नाही. मात्र तोच निरोप दुसऱ्या माकडाच्या आवाजात ऐकविला तेव्हा सर्वांचे कान टवकारले. आणि एखाद्याचा एका श्वापदाविषयीचा इशारा खोटा ठरला, म्हणून दुसऱ्या श्वापदाविषयीचा त्याचा इशाराही त्यांनी खोटा धरला नाही. अविश्वास ठेवला तो एका व्यक्तीवर, आणि तोही एकाच बाबीपुरता.

ह्या न्यायबुद्धीपुढे आपण मान खाली घालावी. आपल्याकडे एका गड्याने पगाराची उचल घेऊन दगा दिला की त्याच्या सबंध जातीची हाक खोटी ठरते, आणि ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या खोटी राहते. व्हर्वेटाला जो भेद करता येतो तो आपल्याला करता येत नाही असे नाही. तो न करण्यात आपली सोय असते.

येथे माणसाचा वेगळेपणा जेथे असावा असे मला वाटते त्या जागी आपण येऊन पोहोचतो. हाक मारणे आपल्या एकट्याचे नाही. हाकेला ओ देणेही आपल्या एकट्याचे नाही: दक्षिण अमेरिकेतील मार्मोसेट नावाची चिमुकली माकडे एकमेकांना दिसेनाशी झाली की आळीपाळीने साद घालतात, एकीचे संपल्यावर दुसरी बोलते, हे २०१३ साली मोजून पाहण्यात आले, आणि २०२४ साली तर असे प्रसिद्ध झाले की, ती निरनिराळ्या सोबत्यांना साद घालताना निरनिराळे आवाज योजतात, म्हणजे एक प्रकारे नावाने हाक मारतात. माणसाने ह्यात स्वतःची म्हणून जी भर घातली ती वेगळीच आहे. कोणाच्या हाकेला ओ द्यावयाची आणि कोणाच्या नाही, याचे त्याने नियम केले, आणि ते पाठ करून घेतले.

पाणिनीच्या ज्या सूत्राचा वर उल्लेख केला, त्याच्या लगेच आधीचे, त्र्याऐंशीवे सूत्र मी मुद्दाम मागे ठेविले होते. ते नमस्काराला द्यावयाच्या उत्तराविषयी आहे. शिष्याने आपले नाव सांगून अभिवादन केले म्हणजे गुरूने आशीर्वाद देताना शेवटचा स्वर लांबवावा, प्लुत करावा, अपवाद शूद्राचा. कात्यायनाने वार्तिकात ह्या अपवादात स्त्रियांची व असूया करणाऱ्यांची भर घातली. व्याकरणकाराचा यात दोष काय, तो चालती रीत टिपीत होता, असे कोणी म्हणेल. आणि ते खरे आहे. पण म्हणूनच तो पुरावा अधिक बोलका. दुरून हाक मारताना स्वर लांबतो तो निसर्गाने, मोराचा लांबतो तसा. उत्तर देताना तो कोणासाठी लांबवावयाचा, हे मात्र समाजाने ठरविले. लागोपाठच्या दोन सूत्रांत निसर्ग आणि रूढी शेजारी शेजारी बसलेली आहेत.

ही रूढी दूरच्या काळात शोधावयास नको. आपल्या घराघरांतून "अहो" आणि "अगं" यांची जी वाटणी झालेली असते तीत तिची एक घरगुती आवृत्ती दिसते. पत्नीने नाव घेऊ नये. घेतलेच तर उखाण्यात लपवून, समारंभापुरते. पतीने "अगं" म्हणावे, आणि त्या "अगं"ला तत्काळ ओ यावी. "अहो"ला ओ येण्यास किती वेळ लागतो, हे प्रत्येक घराने आपल्यापुरते पाहावे. आता तरुण जोडपी एकमेकांना सर्रास नावाने हाका मारतात, आणि वडील मंडळींनाही त्याची सवय झाली आहे.

गावाची आवृत्ती इतकी सौम्य नव्हती. सरकारी किंवा पाटलाचा हुकूम गावास कळवावयाचा तर दवंडी पिटावी लागे, आणि हे काम बहुधा महार वतनदाराकडे असे. त्या आवाजाला सारे गाव कान देई. मुलांना गप्प बसवून, जाते थांबवून देई. तोच माणूस दिवेलागणीस "जोहार, मायबाप" म्हणून दारापासून लांब उभा राही, तेव्हा त्याच गळ्यातून निघालेल्या हाकेला ओ येण्यास वेळ लागे, आणि आली तर ती भाकरीच्या तुकड्याच्या रूपाने, वरून टाकलेली. एकाच गळ्याचे हे दोन आवाज. एक सत्तेचा, म्हणून ऐकू येणारा. दुसरा त्याचा स्वतःचा. १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ वतने गेली. पण त्याच्या कितीतरी आधी, ३१ जानेवारी १९२० रोजी, डॉ. आंबेडकरांनी जे पाक्षिक काढले त्याचे नाव त्यांनी "मूकनायक" असे ठेविले होते. ज्यांच्या गळ्यावर गावाची सारी दवंडी चालत होती त्यांना मूक म्हणावयाचे! त्या नावातील हा विरोध ज्यांच्या लक्षात आला असेल त्यांना मूकपणा म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको.

कारण मूकपणा हा गळ्याचा रोग नाही. रुमानियातील अनाथालये १९८९ नंतर जगाला पाहावयास मिळाली, तेव्हा तान्ह्या मुलांनी भरलेल्या खोल्यांतील शांतता पाहून आत गेलेली माणसे हादरली. रडून कोणी येत नाही हे त्या मुलांना अनुभवाने कळले होते, आणि त्यांनी रडणे सोडले होते. नवजात बालक आईचा आवाज इतर आवाजांतून निवडते, तो ऐकावयास मिळावा म्हणून दूध ओढावे तशी ओढ घेते, हे १९८० साली सिद्ध झाले आहे; इतकी तयारी घेऊन आलेल्या जिवाला गप्प बसवावयास त्याचे तोंड दाबावे लागत नाही. ओ दिली नाही की पुरते. "आमच्याकडे ते लोक समाधानात आहेत, त्यांची काही तक्रार नाही," असे गावचे प्रतिष्ठित जेव्हा सांगतात तेव्हा मला त्या शांत खोल्या आठवतात.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. प्रत्येक हाकेला ओ द्यावयाची ठरविली तर माणसाला दुसरे काही करताच येणार नाही. आणि जो अधिक ओरडेल त्यालाच अधिक मिळेल. आजची स्थिती पाहता हा आक्षेप पुष्कळ अंशी खरा ठरला आहे. दवंडीच्या जागी ध्वनिक्षेपक आला. देवळावर, मशिदीवर, लग्नाच्या मांडवात, निवडणुकीच्या गाडीवर तो ओरडतो. वस्तीच्या भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातलेली आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा हे तास शांत राखण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली निर्णय दिला आहे. त्या दोहोंचे काय होते ते सर्वांना ऐकू येते. परंतु ध्वनिक्षेपकाची माझी तक्रार आवाजाच्या मोठेपणाची नाही. त्याला ओ देता येत नाही, ही माझी तक्रार आहे. हाक मारणारा माणूस उत्तराची वाट पाहत थांबतो. तेवढ्या थांबण्यात तो आपल्याला माणूस मानीत असतो. कर्णा थांबत नाही. मग व्हर्वेटांनी झुडपाआडच्या यंत्राचे जे केले तेच आपण त्याचे करतो: कान असून ऐकेनासे होतो. दुर्दैव इतकेच की ही बधिरता आपल्याला एका कर्ण्यापुरती राखता येत नाही. कर्ण्यांनी बधिर झालेला कान खऱ्या हाकेलाही बधिरच असतो.

म्हणून आक्षेपाचे उत्तर आवाजाच्या मोठेपणात शोधावयाचे नाही. हाक मारणारा तिच्यापायी काय पणाला लावतो, हे पाहावयाचे. बिबट्या पाहून ओरडणारे वानर स्वतःची जागाही उघडी करते. नंदुरबारात ९ सप्टेंबर १९४२ रोजी मिरवणुकीत घोषणा देणारा शिरीषकुमार मेहता सोळाव्या वर्षात होता. समोर बंदुका होत्या, त्याच्या हातात झेंडा होता, आणि थांब म्हटल्यावर तो थांबला नाही. त्याच्यासह पाच विद्यार्थी गोळीबारात पडले. त्या मुलांच्या आवाजाची पट्टी मोठी होती म्हणून तो अजून ऐकू येतो, असे नाही.

दुसरे उदाहरण त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे. नर्मदेच्या काठी अक्कलकुवा तालुक्यात मणिबेली नावाचे एक लहानसे आदिवासी गाव. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातील गावांत ते पहिले. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता, तो १९९८ साली झाला. मणिबेली धुळे जिल्ह्यात मोडे. आमची जमीन कोठली, आम्ही जावयाचे कोठे, हा त्या लोकांचा प्रश्न वर्षानुवर्षे कार्यालयांतून फिरला. ते लोक घरे सोडून गेले नाहीत. पाणी आले तरी उभे राहू, एवढेच म्हणाले. जागतिक बँकेने नेमलेल्या स्वतंत्र समितीने १९९२ साली प्रकल्पातील पुनर्वसनाच्या व्यवस्थेवर कडक ठपका ठेविला, आणि १९९३ च्या मार्च महिन्यात उरलेले कर्ज हिंदुस्थान सरकारने नाकारले. १९९४ साली मोठ्या धरणांना बँकेने पैसा पुरवू नये अशी मागणी करणारा एक जाहीरनामा अनेक देशांतील संघटनांनी मिळून काढला, त्याला नाव दिले ते ह्या गावाचे. सातपुड्यातील हाक वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली. मुंबई त्याहून बरीच जवळ आहे. धरण अर्थात पुरे झाले, आणि २०१७ साली त्याचे उद्घाटनही झाले. ते बांधावे की बांधू नये यावर समंजस माणसांत मतभेद होते व आहेत, आणि गुजरातेतील तहानलेल्या गावांचीही एक हाक होतीच. परंतु ओ देणे म्हणजे मागितलेले देणे नव्हे. "काय रे?" म्हणणाऱ्या आईने मुलाला काहीच दिलेले नसते.

ह्याच डोंगरांतून आता दर साल पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, आणि म्हातारी माणसे व काही मुले मागे राहतात. पाड्यांवर भ्रमणध्वनी पोहोचले आहेत, पण नाल्याकाठच्या झोपडीत त्यांची लहर लागत नाही. तिच्यासाठी वरच्या टेकाडावर चढून जावे लागते. तेथे उभे राहून एखादी म्हातारी हातातल्या यंत्रात मोठ्याने बोलते. यंत्राला मोठ्या आवाजाची गरज नसते, हे तिला कोणी सांगितले असेल तरी तिला ते पटलेले नसते. शेवटचा स्वर ती लांबवितेच. मग थांबते, यंत्र कानाशी धरते, आणि पलीकडून काही येते का ते ऐकत राहते.